रस्त्याखालून वाट काढताना

४ मार्च २०२३ रोजी यवतमाळ शहरात घडलेल्या एका घटनेची चित्रफीत अनेकांनी पाहिली असेल. नेहमीसारखा वाहता रस्ता. पाहता पाहता त्याला तडा जातो आणि पुढच्याच क्षणी माती-दगडांसह पाण्याचा मोठा लोट वर उसळतो. रस्त्याखालची जलवाहिनी फुटली होती. त्याच वेळी स्कूटरवरून जाणारी एक महिला या लोटात सापडून जखमी झाली.

ज्यांनी ही घटना पाहिली त्यांना पहिला प्रश्न पडतो : पाण्यात एवढी ताकद आली कुठून? याचे उत्तर शाळेच्या पुस्तकातच आहे. दहा मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम भार एवढा असतो. पाण्याची टाकी टेकडीवर, नळापेक्षा पन्नास मीटर उंच आहे असे धरू. मग नळातला दाब दर चौरस सेंटिमीटरला पाच किलोग्रॅम झाला. ३० सेंटिमीटर व्यासाच्या नळाच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ७०७ चौरस सेंटिमीटर, म्हणजे जेवणाच्या एका ताटाएवढे. तेवढ्या जागेवर पाणी साडेतीन टनांचा रेटा देते. डांबराच्या थराने याच्यापुढे टिकाव धरावा, ही अपेक्षाच चुकीची.

दुसरा प्रश्न मात्र पुस्तकात सापडत नाही. आपण ज्या रस्त्यावरून रोज शाळेत जातो त्याच्या खाली काय काय आहे? पाण्याचे नळ, सांडपाण्याच्या वाहिन्या, विजेच्या केबल, दूरध्वनीच्या जुन्या तारा, प्रकाशतंतूंच्या नव्या तारा, मोठ्या शहरांत गॅसच्या नळ्या. यातली प्रत्येक वस्तू कोणी ना कोणी, कधी ना कधी तिथे घातली. आणि उद्या तिथे आणखी एक नळ घालायचा असेल, तर तो या सर्वांना चुकवून न्यावा लागणार. हे काम सुरक्षितपणे कसे करायचे, हे माणूस फार सावकाश आणि बरीच किंमत मोजून शिकला. तो इतिहास आम्ही येथे थोडक्यात मांडणार आहोत.

चर खणावा की बोगदा?

नळ टाकण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे रस्त्याला आडवा चर खणायचा, नळ ठेवायचा आणि माती लोटून द्यायची. गावातल्या गल्लीत आजही असेच होते. पण यवतमाळवरून नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ किंवा पांढरकवड्यावरून जाणारा महामार्ग ४४ असा फोडून ठेवता येत नाही. वाहतूक अडते, रात्री चरात वाहन पडण्याची भीती असते. शिवाय भरलेला चर पुढच्या पावसाळ्यात खचतो तो खचतोच.

चराचा खरा धोका मात्र खाली उतरलेल्या मजुराला असतो. एक घनमीटर ओल्या मातीचे वजन साधारण पावणेदोन टन भरते. चराची भिंत ढासळली आणि माणूस छातीपर्यंत जरी गाडला गेला, तरी बरगड्या हलू न शकल्याने श्वास घेता येत नाही. डोके बाहेर असूनही जीव जाऊ शकतो. आपल्या भागातली काळी माती तर विशेष फसवी. उन्हाळ्यात ती भेगाळून दगडासारखी उभी राहते आणि एका पावसाने लोण्यासारखी सुटते. म्हणून खोल चराच्या भिंतींना फळ्यांचा आधार द्यावा लागतो, नाहीतर भिंती उतरत्या कापाव्या लागतात.

रस्ता न फोडता खालूनच जावे, हा विचार यातून येतो. पण खालून जाणे म्हणजे न दिसणाऱ्या जागेत हात घालणे. त्यासाठी तीन सवयी अंगी बाणवाव्या लागतात : पुढे काय आहे ते आधी पाहणे, पोकळीला लगेच आधार देणे आणि जे केले त्याची नोंद ठेवणे. या तिन्ही सवयी वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या ठिकाणी घडत गेल्या.

पाहणे : मलिक अंबरची नहर

पहिल्या सवयीचे सुंदर उदाहरण मराठवाड्यात आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने खडकी हे गाव राजधानीसाठी वसवले. हेच पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर. या शहरासाठी त्याने डोंगराच्या पायथ्याचे भूजल जमिनीखालच्या बोगद्यातून आणले. ही नहर-ए-अंबरी. पाणी उताराने, कोणत्याही यंत्राशिवाय वाहत येई. याच पद्धतीचा कुंडी भंडारा बऱ्हाणपूरला आहे. या विद्येचे मूळ इराणातल्या कनात या भुयारी कालव्यांत आहे.

बोगदा खणणाऱ्याला दिशा कशी कळत असेल? त्यासाठी ठरावीक अंतराने जमिनीवरून उभ्या विहिरी खाली नेत. दोन विहिरींमधला छोटा तुकडा खणायचा, तो जुळला की पुढची विहीर. या विहिरींतून माती वर काढता येई, हवा आणि उजेड खाली जाई, चुकलेली दिशा लगेच ध्यानात येई. शिवाय प्रत्येक विहीर म्हणजे वाटेवरच्या मातीचा आणि खडकाचा नमुनाच. सगळा मार्ग एकदम अंधारात न खणता थोड्या थोड्या अंतरावर डोळे उघडून पाहायचे, ही कल्पना चारशे वर्षांपूर्वीची आहे. आज रस्त्याखालून नळ नेण्याआधी मार्गावर तपासणीचे खड्डे घेतात, ती तीच कल्पना.

आधार देणे : ब्रुनेलची ढाल

दुसऱ्या सवयीसाठी आपल्याला लंडनला जावे लागेल. टेम्स नदीच्या तळाखालून रस्ता नेण्याचे काम मार्क ब्रुनेल या अभियंत्याने १८२५ साली सुरू केले. जहाजाचे लाकूड पोखरणारा एक सागरी जीव पुढचे लाकूड कवचाने खरवडतो आणि मागे राहिलेल्या बिळाला चुनखडीचा लेप देतो, हे त्याने पाहिले होते. त्यावरून त्याने लोखंडी 'ढाल' तयार केली. १८१८ साली तिचे एकस्वही घेतले होते. टेम्सच्या कामातल्या ढालीत ३६ कप्पे होते आणि प्रत्येक कप्प्यात एक मजूर उभा राही. त्याच्या समोरची माती आडव्या फळ्यांनी रोखलेली असे. मजुराने एकच फळी काढायची, तिच्यामागची काही इंच माती खणायची, फळी पुढे सरकवून परत घट्ट बसवायची आणि मगच दुसऱ्या फळीला हात लावायचा. सगळ्या फळ्या सरकल्या की ढाल पुढे ढकलायची आणि मागे लगोलग विटांचे बांधकाम करायचे.

म्हणजे उघडी माती कोणत्याही क्षणी एका फळीपुरतीच. आधार नसलेली जागा जितकी लहान आणि जितका कमी वेळ उघडी, तितका धोका कमी, हे तत्त्व येथे यंत्राच्या रूपात उतरले. आज मुंबईच्या आणि पुण्याच्या भुयारी मेट्रोसाठी वापरलेली अवाढव्य बोगदा यंत्रे याच ढालीची वंशज आहेत.

पण ब्रुनेलचे काम निर्विघ्न पार पडले नाही. नदीखाली सलग चिकणमाती आहे असे त्याला सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात मध्येच वाळू-गोट्यांचे पट्टे निघाले. मे १८२७ मध्ये नदी बोगद्यात घुसली. जानेवारी १८२८ मध्ये ती पुन्हा घुसली आणि सहा माणसे बुडाली. काम अनेक वर्षे बंद पडले. चारशे मीटरहून थोडा कमी लांबीचा हा बोगदा १८४३ साली खुला झाला. आधार उत्तम होता. पाहणी अपुरी होती. एक सवय दुसरीची उणीव भरून काढत नाही, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

नोंद ठेवणे : वणीचा कोळसा

तिसऱ्या सवयीसाठी परत आपल्या जिल्ह्यात येऊ. यवतमाळ जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या बेसाल्ट खडकावर वसला आहे. पण पूर्वेला वणीकडे गेले की हा थर संपत जातो आणि गोंडवन काळातले वालुकाश्म व कोळसा सापडतो. १८७७ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने टी. डब्ल्यू. एच. ह्यूज यांचा वर्धा खोऱ्याच्या कोळसाक्षेत्रावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. खडकांच्या पाहणीला उभ्या भोकांची जोड दिली की कोळशाचा थर कोठे आणि किती खोल आहे हे ठरवता येते. अशा भोकांच्या नोंदींवर पुढच्या खाणींचे नकाशे उभे राहिले.

वणीजवळच्या राजूरच्या भूमिगत खाणीचे नाव या भागात सर्वांना माहीत आहे. भूमिगत खाणीत सगळा कोळसा काढून घेत नाहीत. मध्ये मध्ये कोळशाचेच जाड खांब सोडतात आणि छत त्यांच्यावर तोलून धरतात. वर रस्ता, रेल्वे किंवा वस्ती असेल तर आणखी सावध राहावे लागते. भारतीय कोळसा खाण विनियम, १९५७ यांनी असे घालून दिले होते की सार्वजनिक रस्ता, रेल्वे किंवा इमारत यांच्यापासून ४५ मीटरच्या आत परवानगीशिवाय खाणकाम करायचे नाही. जुन्या, सोडून दिलेल्या खाणीपासून ६० मीटरच्या आत काम न्यायचे असले तरी परवानगी हवी. अशा ठिकाणी आधी पुढे भोके पाडून पाणी आहे का ते पाहायचे. २०१७ साली या विनियमांची जागा नव्या विनियमांनी घेतली.

हे नियम इतके काटेकोर का? जुनी खाण म्हणजे पाण्याने भरलेली पोकळी असू शकते. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत वरच्या जुन्या खाणीतले पाणी कोसळले आणि ३७५ माणसे गेली. नियम आधीच होता, पाणी तरीही आले. सोडून दिलेली पोकळी नकाशावर नेमकी दाखवलेली असणे आणि तो नकाशा शेवटच्या कामगारापर्यंत खरेपणाने पोहोचणे, यावर अशा ठिकाणी प्राण अवलंबून असतात. रस्त्याखालच्या नळांचेही असेच आहे. फरक एवढाच की खाणीला नकाशा ठेवण्याची सक्ती असते आणि गल्लीतल्या नळाचा नकाशा पुष्कळदा कोणाकडेच नसतो.

आजची यंत्रे, जुनेच धोके

रस्त्याखालून नळ नेण्याच्या आज दोन पद्धती विशेष प्रचलित आहेत. पहिलीत रस्त्याच्या एका बाजूला खड्डा घेऊन त्यात यंत्र बसवतात आणि पोलादी नळ जमिनीत आडवा रेटतात. नळाच्या आत सुताराच्या सामत्यासारखा मोठा फिरता पेच असतो. तो पुढची माती कापून मागे आणतो. या पेचाला ऑगर म्हणतात. नळ स्वतःच पोकळीला आधार देत पुढे सरकतो, म्हणजे ही ब्रुनेलच्या ढालीचीच धाकटी बहीण.

नोव्हेंबर २०२३ मध्ये हे नाव घराघरांत पोहोचले. उत्तराखंडातल्या सिल्क्यारा बोगद्यात १२ नोव्हेंबरला दरड कोसळून ४१ कामगार अडकले. ढिगाऱ्यातून नळ रेटण्यासाठी ऑगर यंत्र आणले गेले. ते बरेच पुढे गेले, पण ढिगाऱ्यात गाडल्या गेलेल्या लोखंडी सांगाड्यात अडकून त्याची पाती तुटली. अखेरचे काही मीटर हाताने खणणाऱ्या कुशल कामगारांनी पार केले आणि २८ नोव्हेंबरला सर्वजण सुखरूप बाहेर आले. एवढे बलवान यंत्र मातीमुळे थांबले नाही. समोर लोखंड नेमके कोठे आहे हे ठाऊक नसल्यामुळे थांबले.

दुसरी पद्धत अधिक चपळ आहे. मार्टिन चेरिंग्टन या अमेरिकन कंत्राटदाराने १९७१ साली कॅलिफोर्नियातल्या पाहारो नदीखालून गॅसची नळी नेण्यासाठी ती प्रथम वापरली. तेलविहिरी खणण्याची कला त्याने आडवी केली. जमिनीत तिरका शिरणारा लवचीक दांडा खाली जातो, रस्ता ओलांडतो आणि पलीकडे वर येतो. टोकात एक छोटा प्रक्षेपक असतो. वरून चालणारा माणूस हातातल्या ग्राहक यंत्रावर टोकाची जागा आणि खोली वाचतो. मग भोक रुंद करतात आणि उलट दिशेने नळ ओढून घेतात. भोक ढासळू नये म्हणून त्यात बेंटोनाइट मातीचा पातळ राडा भरतात. प्रकाशतंतूंच्या तारा गावोगावी पोहोचल्या त्यात या पद्धतीचा वाटा मोठा आहे.

या पद्धतीत धोके कोणते? पहिला, राडा जास्त दाबाने सोडला तर तो वाट मिळेल तिकडून वर येतो आणि रस्ता फुगवतो. दुसरा याच्या उलट. नळ सहज ओढता यावा म्हणून भोक त्याच्या साधारण दीडपट व्यासाचे ठेवतात. २० सेंटिमीटरच्या नळासाठी ३० सेंटिमीटरचे भोक, रस्त्याखाली लांबी २० मीटर. नळाभोवती किती जागा उरते, हे विद्यार्थ्यांना काढू द्यावे. उत्तर जवळजवळ पाऊण घनमीटर येते. या जागेतला राडा आकसला किंवा वाहून गेला तर वरचा रस्ता काही महिन्यांनी खचतो, आणि तोवर काम करणारे निघून गेलेले असतात.

तिसरा धोका विजेचा. टोक चालू केबलला लागले तर दांडा, यंत्र आणि भोवतालची जमीनही विद्युतभारित होऊ शकते. जमिनीवर जवळजवळच्या दोन बिंदूंतही विभवांतर निर्माण होते, त्यामुळे टाकलेले एक पाऊलही घातक ठरते. म्हणून यंत्रावरच्या माणसाने घाईने खाली उडी मारायची नाही आणि इतरांनी यंत्राला हात लावायचा नाही. वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत सर्वांनी जागीच थांबायचे. चांगल्या यंत्रांना असा स्पर्श होताच वाजणारी घंटा असते.

चौथा धोका सर्वांत कपटी, कारण तो कामाच्या दिवशी दिसतच नाही. अमेरिकेतल्या केनोशा गावी गॅसची प्लास्टिक नळी अशीच भोक पाडून टाकली होती. वाटेत ती एका घराच्या सांडपाण्याच्या वाहिनीला आरपार छेदून गेली, आणि ते कोणाला कळले नाही. पुढे ती वाहिनी तुंबली. ती मोकळी करण्यासाठी यंत्राचे पाते घातले गेले आणि त्याने गॅसची नळी कापली. गॅस सांडपाण्याच्या वाटेने घरात शिरला. १९७६ सालच्या त्या स्फोटात दोन माणसे मरण पावली. भोक पाडणाऱ्याने आधी पाहिले नव्हते आणि नोंदही नव्हती. शिक्षा तिसऱ्यालाच झाली.

खणण्याआधी विचारा

अशा अपघातांतून अनेक देशांनी एक साधी व्यवस्था उभी केली : खणण्याआधी विचारा. अमेरिकेत २००७ पासून त्यासाठी ८११ हा एकच दूरध्वनी क्रमांक आहे. विचारणा झाली की नळांचे आणि तारांचे मालक येऊन जमिनीवर रंगाने खुणा करतात. वीज लाल, गॅस पिवळा, दूरसंचार नारिंगी, पिण्याचे पाणी निळे, सांडपाणी हिरवे. भारतात 'कॉल बिफोर यू डिग' या भ्रमणध्वनी उपयोजनाचे उद्घाटन २२ मार्च २०२३ रोजी, म्हणजे यवतमाळच्या घटनेनंतर अठरा दिवसांनी झाले. दोन्हींचा एकमेकींशी संबंध नाही, पण योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. खणणाऱ्याने या उपयोजनावर जागा कळवायची आणि तेथे ज्यांच्या वाहिन्या आहेत त्यांनी उत्तर द्यायचे, अशी ती व्यवस्था.

पण मालकालाच आपली वाहिनी नेमकी कोठे आहे हे माहीत नसेल तर? अशा वेळी नकाशावर विसंबून न राहता हाताने, सावकाश तपासणीचा खड्डा घेऊन वस्तू डोळ्यांनी पाहावी लागते. चारशे वर्षांपूर्वीच्या विहिरीला आजही पर्याय सापडलेला नाही.

वर्गात करून पाहा

एक उभट पारदर्शक बरणी घ्या. तिच्या दोन बाजूंना समोरासमोर भोके पाडून त्यांतून बोटाएवढी जाड नळी आरपार बसवा. वर ओलसर वाळूचे थर द्या आणि दर दोन थरांमध्ये काचेलगत रांगोळीची रंगीत रेघ घाला. आता नळी सावकाश बाहेर ओढा. पोकळी ढासळली तर रेघा कशा वाकतात? पृष्ठभागावरचा खळगा नळीपेक्षा रुंद असतो की अरुंद? वाळू कोरडी घेतली तर काय होते? वरचा थर दुप्पट केला तर? नळी खोल असेल तर खळगा उथळ पण पसरट होतो, हे मुलांना स्वतःच सापडेल.

दुसरा उपक्रम शाळेबाहेरचा. शाळेसमोरच्या शंभर मीटर रस्त्याचा नकाशा मुलांकडून काढून घ्या. व्हॉल्व्हची झाकणे, गटारांची तोंडे, ज्या खांबावरून केबल जमिनीत उतरते ते खांब, प्रकाशतंतूंच्या मार्गावर रोवलेले खुणेचे दगड, डांबरावरची चराची जुनी ठिगळे, असे सगळे टिपा. खाली काय असेल याचा अंदाज रंगीत रेघांनी दाखवा. उघड्या खड्ड्याजवळ मात्र मुलांना जाऊ देऊ नका.

मग गावातल्या जुन्या व्हॉल्व्हमनला किंवा लाइनमनला वर्गात बोलवा आणि नकाशा दाखवा. वडाजवळ नळ कोठे वळतो, जुनी लाइन कधी बंद केली, पण ती काढलीच नाही, हे त्यांनाच ठाऊक असते. पुष्कळ गावांत रस्त्याखालचा खरा नकाशा अशा माणसांच्या डोक्यातच असतो आणि ते निवृत्त झाले की तोही जातो. मुलांनी तो कागदावर उतरवून, तारीख घालून, एक प्रत ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला दिली, तर पुढे कधीतरी तिथे खणायला येणाऱ्या अनोळखी मजुराच्या ती नक्की उपयोगी पडेल.